चेल्याबिन्स्कला हिवाळ्यात जायचंय? मग आधी घामाचं बघा

बेळगावातून कोण थंड देशात निघालं की सगळे एकच सांगतात, जाड जाड कपडे घे, जेवढं अंगावर चढेल तेवढं चढव. हे चुकीचं आहे ओ, आणि ह्याच सल्ल्यानं माझी पहिली ट्रिप खराब झाली. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या लाइनीत आहे, कामासाठी रशियातल्या चेल्याबिन्स्कला पाच हिवाळे जाऊन आलोय. उरल डोंगराच्या पूर्वेला अकरा-बारा लाख वस्तीचं, पोलाद आणि ट्रॅक्टरचं गाव ते.

सोपं ते आधी उरकतो. १ ते ८ जानेवारी तिकडे नववर्षाची सुट्टी, ऑफिसं बंद, कामाला जाणाऱ्यांनी ते दिवस सोडा. ऑगस्ट २०२३ पासून आपल्याला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एजंट कशाला पाहिजे, फक्त तो ठरावीक ठिकाणांहूनच चालतो, ती यादी बघूनच तिकीट काढा. मॉस्कोत विमान बदलणार असाल तर दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची घ्या, शेरेमेत्येवो आणि दोमोदेदोवो शहराच्या दोन टोकांना आहेत. आपली व्हिसा, मास्टरकार्डची कार्डं मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत, म्हणून डॉलर किंवा युरो रोख न्या, कोऱ्या नोटा, आणि तिथल्या बँकेतच बदला. घड्याळ अर्धा तास मागे, बास.

आता कपडे. इथं नीट लक्ष द्या.

आपल्याकडं पारा दहा-बाराला उतरला की थंडी पडली म्हणतो. तिथं जानेवारीत उणे पंधरा हे नेहमीचं, रात्री उणे पंचवीसच्या खालीही जातं. पण खोलीत, बसमध्ये, दुकानात हीटिंगमुळं बावीस-चोवीस असतं. म्हणजे दिवसातून दहा वेळा चाळीस डिग्रीची उडी मारायची, आणि खरी अडचण तिथंच आहे. पहिल्या वेळी मी खडे बाजारातून दोन जाड स्वेटर घेतले होते, आत नेहमीचा कॉटनचा बनियन. भरभर चालत स्टॉपवर गेलो, बसमध्ये घामानं बनियन चिंब झाला, आणि उतरून पुढच्या ट्रामची वाट बघत वीस मिनिटं उभा राहिलो तर तोच ओला बनियन पाठीला बर्फासारखा लागायला लागला. बोटं बधिर, दात वाजायला लागले, समोरच्या दुकानात शिरलो म्हणून निभावलं. स्वेटर दोन होते, तिसरा असता तरी हेच झालं असतं.

फौंड्रीवाल्यांना हे लगेच कळंल. साच्याच्या वाळूत ओल राहिली की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या वस्तूला, वाफेचं भोक (ब्लोहोल) पडतं, वरून साचा कितीही मजबूत असू दे. अंगाचंही तसंच, आतली ओल काढायची.

म्हणून अंगाला लागून कॉटन अजिबात नको. पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल घाला, घाम धरून ठेवत नाही. त्यावर फ्लीस (मऊ केसाळ कापडाचं गरम जॅकेट), चेन पुढून उघडणारी, डोक्यातून घालायची नको. सगळ्यात वर वारा अडवणारं, मांड्यांपर्यंत येणारं पिसांचं जॅकेट. दारातून आत शिरायच्या आधीच चेन उघडायची, घाम येईपर्यंत थांबायचं नाही. हॉटेलातून निघताना थोडी थंडी वाजत असेल तर बरोबर कपडे घातलेत, पाच मिनिटं चाललं की अंग गरम होतं.

बूट एक नंबर मोठे घ्या, जाड तळव्याचे. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केले की पायात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात, एकच लोकरीचा मोजा पुरे. कान झाकणारी टोपी, आणि हातमोजे बोटं एकत्र असणारे, ते जास्त गरम राहतात. फोन आतल्या खिशात, बाहेर काढला की चार्जिंग बघता बघता उतरतं.

अजून एक, म्युझियममध्ये, बऱ्याच हॉटेलांत जॅकेट काढून 'गार्देरोब'वाल्या (कोट ठेवायच्या खोलीतल्या) बाईकडं द्यावं लागतं, म्हणून आतलं फ्लीस चारचौघांत दिसण्यासारखं असू दे.

दम्याचा त्रास असेल तर पंप बरोबर ठेवाच. वारा पडला की कारखान्यांचा धूर शहरावर बसून राहतो, अशा दिवशी माझा घसा संध्याकाळपर्यंत धरतो.

बघायला काय? १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी ह्या गावावर उल्का फुटली, खिडक्यांच्या काचा लागून हजाराच्या वर माणसं जखमी झाली. चेबार्कुल तळ्यातून काढलेला तिचा सगळ्यात मोठा तुकडा इथल्या ऐतिहासिक म्युझियममध्ये ठेवलाय, तो बघाच. किरोव्का ह्या फक्त चालायच्या रस्त्यावर कांशाचे पुतळे आहेत, अर्धा तास काढा.

आणि एक दिवस मोकळा मिळाला तर कास्लीला जावा. उत्तरेला आहे, १७४७ पासून लोखंड ओतणारं गाव. लोखंडाची जाळी, पानं, घोड्याची आयाळ इतकी बारीक ओतलीय की मी पंचवीस वर्षं ह्या धंद्यात असून एकेका वस्तूपुढं उभा राहिलो, साचा कुठं उघडला असेल ते शोधत. फक्त परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्या, डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि रस्त्यावरच्या स्टॉपवर उभं राहायची ती वेळ नाही.