दम्याच्या डॉक्टरांना नुसतं ‘बरं आहे’ सांगताय? या चुका टाळा

डॉक्टरांनी “कसं आहे?” विचारलं की आपण “बरं आहे” म्हणून मोकळे होतो. दम्यात हे उत्तर महाग पडतं, कारण औषध वाढवायचं की कमी करायचं, हे बरंचसं तुमच्या सांगण्यावर ठरतं. त्यापेक्षा गेल्या 4 आठवड्यांचा हिशेब द्या. दिवसा धाप किंवा घरघर आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाली का? तात्पुरता आराम देणारा पंप तितक्यांदा लागला का? रात्री दम लागून जाग आली? जिना चढताना अडलं? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर दमा पूर्ण आटोक्यात नाही. राजवाड्याला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहून आल्यावर रात्री खोकत बसला असाल, तर तेही सांगा. “गुलाल उडतो, होतंच” हे आपल्या इंदुरात ठीक, तपासणीच्या खोलीत नाही.

“पंपाची सवय लागते” म्हणून रोजचा पंप परस्पर बंद करणारे घरोघरी आहेत. तो पंप श्वासनलिकांची सूज उतरवतो. ओढल्या ओढल्या काही जाणवत नाही, म्हणून तो बिनकामाचा वाटतो. आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप नळ्या काही तास मोकळ्या करतो, सूज मात्र तशीच राहते. रोजचा पंप नकोच वाटत असेल तर डॉक्टरांशी वाद घाला, पण लपवू नका. नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून ते डोस वाढवतील.

डोस वाढण्याआधी पंप सोबत नेऊन त्यांच्यासमोर ओढून दाखवा. दाबायचा पंप आधी हलवायचा, श्वास सोडायचा, मग हळू, खोल ओढत दाबायचा आणि 10 सेकंद श्वास धरायचा. जमत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) मागा. पावडरच्या रोटाहेलरला उलट जोरात ओढावं लागतं, आणि त्यात फुंकायचं नाही, पावडर दमट होते. त्याची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत! सूज उतरवणाऱ्या रोजच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा.

दुसऱ्या डॉक्टरांची औषधंही दाखवा. काचबिंदूचे टिमोलॉल थेंब, प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाब, अर्धशिशीसाठी देतात ती गोळी) आणि काहींना वेदनाशामक गोळ्या दमा उठवतात. डोळ्यांच्या थेंबांचा छातीशी काय संबंध, असं वाटून नेमके तेच सांगायचे राहतात.

त्रास वाढला तर काय करायचं, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सलग वाक्य बोलता येईना, ओठ निळसर झाले, पंपाने आराम पडेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता 108 लावा.