बाळाचा एक हात हलत नाहीये? थांबायचं की ऑपरेशन करायचं
डिलिव्हरीत खांदा अडकून मानेजवळच्या नसा ताणल्या की बाळाचा हात लुळा पडतो, पण बहुतेकांचा फिजिओनेच सुधारतो. आधी हाड मोडलेलं नाही ना ते बघून घ्या, मग फिजिओवाल्यांकडून व्यायाम शिकून दर लंगोट बदलताना हळूच करा, झबलं घालताना आधी तो हात, काढताना तोच शेवटी. मालिशवाल्या मावशींना मात्र तो हात ओढू देऊ नका, आजी रुसल्या तरी चालेल!

खरी परीक्षा 3 महिन्यांना. कोपर वाकवून मूठ तोंडाकडे नेतंय का, व्हिडिओ काढून ठेवा. नाहीच वाकला तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका, नसांच्या सर्जनला दाखवा, कारण नसेचं ऑपरेशन साधारण 3 ते 9 महिन्यांतच करतात. पंजाही लुळा आणि त्याच बाजूची पापणी उतरलेली असेल तर पहिल्याच महिन्यात गाठा. आणि हो, ऑपरेशन झालं तरी फिजिओ सुटत नाही.