डीव्हीडीवर पळणारा सिनेमा मूळ वेगाला कसा आणायचा

थिएटरातला बोलपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५. डिस्क काढणाऱ्याला सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे तीच चित्रं २५च्या वेगाने सोडून देणं. त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज पाऊण पट्टीच्या किंचित कमी चढतो. संवादात हे सहज खपून जातं, गाण्यात नाही. काळी एकमध्ये गायलेलं पद काळी एकच्या पुढे आणि पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी लटकतं. पेटी घेऊन साथ करायला बसलात तर कुठलीच पट्टी जुळत नाही.

मात्र पाल डिस्क दिसली की लगेच वेग कमी करायला घेऊ नका. आधी ती खरंच पळते आहे का ते तपासा. त्यासाठी सुरुवातीला दिसणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावर लांबी मीटरमध्ये असते, फार जुन्या प्रमाणपत्रांवर फुटांत. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर धावते. ४११५ मीटरला २७.४३ने भागलं की १५० मिनिटं येतात. आता प्रमाणपत्रापासून ‘समाप्त’पर्यंतचा डिस्कवरचा वेळ मोजा, वितरकाच्या जाहिराती आणि मागून जोडलेल्या पाट्या वगळा. १४४च्या आसपास आला तर डिस्क पळवलेली आहे. १५० आला तर वेग बरोबर आहे, हात लावू नका. १३५ आला तर एखादं गाणं किंवा प्रसंग कापलेला आहे, मग या हिशेबावरून वेगाचा निकाल लागणार नाही. प्रमाणपत्रावर मीटरऐवजी मिनिटं लिहिली असतील तर ते बहुधा व्हिडिओ आवृत्तीचं असतं, तुलनेला निरुपयोगी.

दुसरी तपासणी डोळ्यांनी. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ हे बटण दाबत एकेक चित्र पुढे सरकवा. प्रत्येक चित्र स्वच्छ आणि वेगळं असेल तर २४चे २५ केलेले असण्याची शक्यता मोठी. दोन चित्रं एकमेकांत मिसळल्यासारखी, भुतासारखी दुहेरी दिसत असतील तर ती डिस्क एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या मूळ प्रतीवरून बदललेली आहे. तिचा वेग मुळात ठीक असतो. काही पाल डिस्कमध्ये सेकंदाला एक चित्र जादा घुसवून वेग राखलेला असतो. तिथे कॅमेरा आडवा फिरताना बारीक धक्के जाणवतात, पण तिचाही वेग बरोबरच. एनटीएससी डिस्कवर फरक हजारात एक एवढाच असतो, तो विसरून जावा.

आवाजाची परीक्षा वेगळी करा. काही कंपन्या वेग वाढवतानाच सूर खाली आणून ठेवतात. तशा डिस्कचा आवाज साध्या पद्धतीने मंद केला तर नायिका घोगरी होते. गाण्याच्या रेकॉर्डशी तुलना करता येते, पण जपून: रेकॉर्डसाठी गाणं पुष्कळदा वेगळं ध्वनिमुद्रित व्हायचं, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा वेगही नेमका ७८ असेलच असं नाही. ओळखीच्या नटाचा बोलण्याचा आवाज हा जास्त भरवशाचा साक्षीदार.

फक्त बघायचंच असेल तर फाइल बदलायची गरज नाही. व्हीएलसीची स्टेटस बार सुरू करा, वेगाच्या आकड्यावर क्लिक करा आणि सरकपट्टी डावीकडे नेऊन ०.९६ दिसेल तिथे ठेवा. व्हीएलसी सूर आहे तिथेच ठेवून वेग बदलतं, म्हणून ऑडिओच्या सेटिंगमध्ये टाइम स्ट्रेचिंगची खूण काढा. मग सूरही खाली येतो.

कायमची दुरुस्ती करायची तर डिस्क स्वतःची असावी आणि वापर घरचा. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत यूएसबी ड्राइव्हची चौकशी करा. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने सिनेमा एका एमकेव्ही फाइलमध्ये उतरवा. ती फाइल एमकेव्हीटूलनिक्स या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा, व्हिडिओ ट्रॅक निवडा आणि डिफॉल्ट ड्युरेशनच्या खान्यात २४पी टाका. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, फक्त प्रत्येक चित्राची वेळ बदलते; त्यामुळे दर्जा तसूभरही उतरत नाही. सबटायटलच्या ट्रॅकला ‘स्ट्रेच बाय’ खान्यात २५/२४ द्या, प्रकरणांनाही (चॅप्टर) तेच. आकडे इंग्रजी अंकांतच टाकायचे.

आवाजाला मात्र हा खाना वापरू नका. तिथे आवाज ताणला जात नाही, फक्त त्याच्या तुकड्यांच्या वेळा लांबतात आणि मधे खाचा पडून कटकट ऐकू येते. आवाज ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये न्या. डिस्कचा आवाज तिथे उघडायला एफएफएमपेग लायब्ररी आधी बसवलेली हवी. सगळं निवडून ‘चेंज स्पीड’ उघडा आणि उणे ४.००० टाका. नव्या आवृत्तीत त्याचं नाव ‘चेंज स्पीड अँड पिच’ आहे. सूर आधीच दुरुस्त केलेल्या डिस्कला ‘चेंज टेम्पो’ वापरा, आकडा तोच. ५.१ आवाज असेल तर निर्यात करताना सहाही चॅनेल राखा, नाहीतर सगळं स्टिरिओत कोंबलं जातं. निर्यात फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात करा आणि एमकेव्हीटूलनिक्समध्ये जुन्या आवाजाच्या जागी हा नवा जोडा.

सगळ्यांत जास्त गफलत होते ती याच आकड्यात. वेग ४.१७ टक्के वाढला म्हणून उणे ४.१७ टाकला की वरच्या सिनेमाच्या शेवटी आवाज सुमारे सोळा सेकंद मागे पडतो. २४ भागिले २५ म्हणजे ०.९६, म्हणून घट बरोबर ४ टक्के. तसंच चित्राला २३.९७६ आणि आवाजाला २४चा हिशेब लावला तर दीडशे मिनिटांत नऊ सेकंदांचा फरक पडतो. दोन्हीकडे २४ ठेवा. २३.९७६ची गरज परदेशी ब्लू-रेचा आवाज जोडतानाच लागते.

सुरुवातीपासूनच ओठ आणि शब्द सारख्याच अंतराने चुकत असतील तर दोष वेगाचा नाही, डिस्कवरच्या मूळ विलंबाचा आहे. तोही ताणावा लागतो: २४० मिलिसेकंद होता तर आता २५०. डिलेच्या खान्यात भरा आणि दार आपटण्याच्या किंवा टाळीच्या प्रसंगावर पडताळा, एकदा पहिल्या रिळाच्या सुमारास आणि एकदा शेवटी.

हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये थेट डिस्क उघडून फ्रेमरेट २४ निवडणं हा उपाय नव्हे. तसं केलं की वेग तोच राहतो आणि दर सेकंदाला एक चित्र गळून हिसका बसतो. जुना टीव्ही तुमची नवी फाइल तरीही २५नेच चालवत असेल, तर आधी वरची फाइल तयार करा आणि मग तीच हँडब्रेकमधून काढा.

रविवारच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या व्हीसीडींनाही मेकएमकेव्हीची पायरी सोडली तर हीच रीत लागू आहे. सिनेमा दोन-तीन तबकड्यांवर विभागलेला असतो. प्रत्येक भाग वेगळा दुरुस्त करून शेवटी जोडा. आधी जोडलंत तर सांध्यावरचा काही मिलिसेकंदांचा फरक पुढच्या सगळ्या भागात राहतो.

मूकपटांचा हिशेब निराळा. फाळक्यांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे एकच ठरावीक वेग नव्हताच; १६ ते २० ही साधारण मर्यादा. आधी चित्रं मोजा. मधूनमधून तेच चित्र दोनदा येत असेल तर डिस्क काढणाऱ्याने वेग आधीच सावरलेला आहे. प्रत्येक चित्र वेगळं असेल तर डिफॉल्ट ड्युरेशनच्या खान्यात १८पी टाकून पाहा आणि माणसांच्या चालण्याकडे, पडणाऱ्या पाण्याकडे लक्ष द्या. पाणी तरंगल्यासारखं वाटलं तर २०, माणसं अजून तुरुतुरु चालत असतील तर १६. मागून जोडलेलं संगीत या प्रयोगात काढून टाका. ते या चित्रांचं नाहीच, आणि १८च्या हिशेबाने मंद केलं तर ऐकवणारही नाही.