लेगो, लेगोज की लेगोचे ठोकळे? अनेकवचन लिहिण्याची रीत

लेगो या जोडणीच्या ठोकळ्यांच्या खेळण्याचं अनेकवचन कसं करायचं, हा इंग्रजीतला वाद जुना आहे आणि मिटण्यातला नाही. अमेरिकेत सर्रास ‘लेगोज’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तसं म्हटलं की कपाळावर आठी पडते, कारण तिथे ‘लेगो’ हा शब्द वाळूसारखा वापरतात: थोडा लेगो, खूप लेगो, लेगोचा एक तुकडा. खुद्द कंपनीला यातलं काहीच पसंत नाही. तिच्या मते ‘लेगो’ हे नाम नव्हेच, विशेषण आहे. त्याच्यापुढे ठोकळे, संच, खेळणी असं काहीतरी हवं, आणि नाव पूर्ण मोठ्या रोमन अक्षरांत हवं. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नसल्याने ही शेवटची अट आपोआप गळून पडते.

मराठीत लिहिताना मात्र यातली कुठलीच बाजू उचलायची गरज नाही, कारण मराठीत वचन नामाच्या शेपटीतच दिसावं असा नियम नाही. ‘फोटो काढला’ आणि ‘फोटो काढले’ या दोन वाक्यांत ‘फोटो’ जागचा हललेला नाही, तरी एक की अनेक हे क्रियापदाने सांगितलं. रेडिओ, व्हिडिओ, पियानो हे ओकारान्त पाहुणे शब्दही असेच पुल्लिंगी झाले आणि दोन्ही वचनांत तसेच राहिले. लेगो त्यांच्याच रांगेतला. ‘एक लेगो सापडला, चार लेगो हरवले’ हे व्याकरणाने शुद्ध आहे. शेवटी ‘ज’ लावला तर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत.

‘मग शूज कसं चालतं?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. शूज, चिप्स हे शब्द मराठीत आलेच ते शेपटीसकट. ‘माझा एक शू हरवला’ असं कोणी म्हणत नाही, ‘एक शूज हरवला’ म्हणतात. म्हणजे त्यातला ‘ज’ अनेकवचनाचा उरलेलाच नाही, तो शब्दाचा भाग झाला. लेगो एकेरी आला, डब्यावरचं नाव म्हणून. शिवाय ‘लेगोज’, ‘लेगोझ’, ‘लेगोस’ अशी तीन रूपं एकाच मजकुरात आढळतात, कारण इंग्रजी शेपटीचा उच्चार कोणत्या अक्षराने दाखवायचा हेच ठरलेलं नाही. ‘ज’ जगातला की जन्मातला, हा आणखी वेगळा घोळ.

आधी वस्तू ओळखा

‘चार लेगो’ शुद्ध असलं तरी पुष्कळदा अपुरं असतं. अनेकवचन लिहिण्याआधी आपण नेमके काय मोजतोय ते ठरवावं.

‘ठोकळा’ म्हणजे पूर्ण उंचीचा तुकडा. वरचे गोल उंचवटे सोडून त्याची उंची ९.६ मिलिमीटर असते. त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर उंचीचा चपटा तुकडा ही ‘प्लेट’. तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. चाकं, टायर, झाडाची पानं, छोट्या बाहुल्या हे सगळं आणखी वेगळं. म्हणून डब्यावर ५०० हा आकडा असेल तर ‘५०० ठोकळ्यांचा संच’ लिहिणं चूक आहे. तो आकडा तुकड्यांचा असतो, ‘५०० तुकड्यांचा संच’ लिहावं. भाषांतरात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या ‘लेगोज’पेक्षा गंभीर आहेत, कारण तिथे माहितीच खोटी ठरते.

उलट काही ठिकाणी ‘तुकडे’ चालत नाही. एकाच रंगाचे, दोन बाय चार उंचवट्यांचे सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, हे विधान फक्त त्याच आकाराच्या ठोकळ्यांपुरतं खरं आहे. तिथे ‘सहा लेगो’ किंवा ‘सहा तुकडे’ लिहिलं की गणित कोसळतं.

आणि ढीग मोजायचाच नसेल, तर ब्रिटिश पद्धत मराठीतही सुरेख बसते: ‘खोलीभर लेगो पसरलाय’. इथे क्रियापद एकवचनी ठेवायचं. वाळू पसरते तसा लेगो पसरतो.

षष्ठीला कामाला लावा

‘लेगो’ला हात न लावता वचन दाखवायची सगळ्यात सोपी सोय म्हणजे चा-ची-चे. लेगोचा ठोकळा, लेगोची गाडी, लेगोचे ठोकळे, लेगोच्या ठोकळ्यांचा किल्ला. बदल होतो तो प्रत्ययात आणि पुढच्या नामात, नाव अभंग राहतं. जाहिरातीत किंवा करारात कंपनीच्या नियमाजवळ राहायचं असेल तर प्रत्यय काढून ‘लेगो ठोकळे’ असं जोडीने लिहावं. एरवीच्या लेखनात ते जरा कोरडं वाटतं, माझी पसंती ‘लेगोचे ठोकळे’लाच.

कंपनीच्या हट्टामागचं कारणही समजून घ्यावं, निव्वळ शिष्टपणा म्हणून सोडून देऊ नये. खेळण्याचं नाव सामान्य नाम झालं की त्यावरचा हक्क जाऊ शकतो. ‘यो-यो’ हे अमेरिकेत डंकन कंपनीचं नोंदलेलं नाव होतं, १९६५ साली तिथल्या अपील न्यायालयाने ते सर्वांचं ठरवलं. लेगोच्या बाबतीत ठोकळ्याचा आकार आधीच हातचा गेला आहे: १९५८ चं पेटंट कधीच संपलं, आणि २०१० साली युरोपीय न्यायालयाने ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येणार नाही असा निकाल दिला. उरलं ते नाव. म्हणूनच दुसऱ्या कंपनीच्या, तशाच जुळणाऱ्या ठोकळ्यांना ‘लेगो’ म्हणू नये, ‘जोडणीचे ठोकळे’ म्हणावं.

तसंही लेगो हे ठोकळ्याचं नाव कधीच नव्हतं. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियान्सन या सुताराने ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून हे नाव केलं ते १९३४ साली, आणि तेव्हा त्याच्याकडे लाकडी खेळणी बनत होती. आजच्या ठोकळ्यापेक्षा नाव २४ वर्षांनी मोठं आहे.

एक वाक्य दुरुस्त करून पाहू

कच्चं वाक्य असं: ‘मुलाने सगळे लेगोज जमिनीवर टाकले आणि बाबांच्या पायाखाली एक लेगोज आला.’

‘एक लेगोज’ आधी काढा, तिथे अनेकवचनाची शेपटी एकाच तुकड्याला चिकटली आहे. मग ‘सगळे लेगोज’कडे वळा. ‘सगळे’ आणि ‘टाकले’ दोघांनीही अनेकवचन सांगितलंय, तेव्हा ‘ज’ गेला तरी काही बिघडत नाही. तुकडे नाना तऱ्हेचे असणार, म्हणून ‘ठोकळे’ नको. हाती येतं ते असं: ‘मुलाने लेगोचे सगळे तुकडे जमिनीवर टाकले आणि त्यातला एक बाबांच्या तळपायात रुतला.’ दुसऱ्या वेळी नाव लिहायची गरजच उरली नाही.

मोठ्या मजकुरात बदल करताना

संगणकावर ‘लेगोज’ शोधून सरसकट ‘लेगो’ करू नका. ‘लेगोजचे’चं ‘लेगोचे’ होतं ते ठीक, पण ‘लेगोजना’चं ‘लेगोना’ होतं, आणि ते चूक आहे. विभक्तीपुढे अनेकवचनाला अनुस्वार लागतो: लेगोंना, लेगोंनी, लेगोंवर, लेगोंमध्ये. आधी ही प्रत्यय लागलेली रूपं एकेक शोधून हाताने बदला, मग उरलेला ‘लेगोज’ एकदम बदला. ‘लेगोज’च्या जागी थेट ‘लेगोचे ठोकळे’ घातलंत तर ‘लेगोचे ठोकळेवर’ अशी रूपं तयार होतील. तिथे ‘लेगोच्या ठोकळ्यांवर’ हवं.

एक अपवाद पाळावा. कथेतलं पात्र किंवा चित्रपटाच्या उपशीर्षकांतला अमेरिकी मुलगा ‘माझे लेगोज कुठायत?’ म्हणत असेल, तर त्याचं व्याकरण तपासू नका. ते त्याचं बोलणं आहे.

शेजारची नावं

‘हॉट व्हील्स’मधला ‘स’ नावाचाच आहे, एक गाडी असली तरी ती ‘हॉट व्हील्सची गाडी’. पोकेमॉन एक असो वा शंभर, पोकेमॉनच. इंग्रजीतही त्याला शेपटी लावत नाहीत. बार्बीचं मात्र अवघड आहे: बाहुली-बाहुल्या या चालीवर ‘बार्ब्या’ व्हायला हवं आणि मुलं तसं म्हणतातही, पण छापताना त्यात चेष्टेचा सूर येतो. ‘तीन बार्बी आणल्या’ लिहावं, ‘आणल्या’ने काम होऊन जातं.