पुरात बुडालेल्या उसाची यादी नकाशातून कशी काढायची

पूर ओसरायला लागला की शेतकी ऑफिसात एकच प्रश्न येतो : चिखली-आंबेवाडीतला आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीडेक वर्षाचा) ऊस किती बुडाला, शेतकऱ्यांची यादी द्या. मी कोल्हापुरातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात प्लॉटचे नकाशे सांभाळते. गट ऑफिसला, म्हणजे कारखान्याच्या गावाकडच्या कचेरीत, नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी ही पद्धत लिहिते आहे. नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, ते फुकट मिळतं.

आधी तो प्रश्न कागदावर फोडा. गाव कोणतं आणि लागण आडसाली की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला), हे नकाशामागच्या नोंदींच्या तक्त्याला विचारायचं. बुडाला का, हे जागेला, म्हणजे नकाशावरच्या ठिकाणाला विचारायचं. तक्त्याचं काम आधी उरकलं की हजारो प्लॉटचे शे-दोनशे होतात आणि पुढचं सगळं हलकं जातं.

प्लॉटचा लेयर (नकाशाचा थर) निवडून 'सिलेक्ट बाय एक्सप्रेशन' उघडा (कंट्रोल आणि एफ३) आणि लिहा :

"गाव" इन ('चिखली', 'आंबेवाडी') अँड "लागण" = 'आडसाली'

इन, अँड, ऑर, लाइक हे शब्द आणि आकडे प्रत्यक्षात इंग्रजीत टाइप करायचे. कॉलमचं नाव दुहेरी अवतरणात, आतली नोंद एकेरीत. कॉलमलाही एकेरी चिन्ह दिलंत तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ते 'लागण' या शब्दाची 'आडसाली' या शब्दाशी तुलना करतं आणि एकही प्लॉट निवडत नाही. यादी शून्य आली की पहिल्यांदा अवतरणं बघा. 'इन'ऐवजी दोन गावं 'ऑर'ने जोडणार असाल तर त्यांना कंस घाला. अँड आधी सोडवला जातो, त्यामुळे कंसाशिवाय एका गावाचा खोडवाही यादीत शिरतो.

नुसत्या गावाच्या नावावर विसंबू नका. आपल्याकडे शिरोली म्हटलं तर हातकणंगल्यातली पुलाची शिरोलीही आहे आणि करवीरमधली शिरोली दुमालाही. 'तालुका'ची अट सोबत लावा. त्याहून चांगलं म्हणजे २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड तक्त्यात ठेवा. उसाच्या जातीच्या नावाचंही तसंच. को ८६०३२ कुणी 'को-८६०३२' लिहितं, कुणी नुसतं '८६०३२'. तिथे बरोबरचं चिन्ह उपयोगी नाही, लाइक वापरा (% म्हणजे तिथे काहीही चालेल) :

"जात" लाइक '%८६०३२%'

काही नोंदीत आकडे देवनागरी आणि काहीत इंग्रजी असले तर हेसुद्धा अर्धंच सापडतं. क्षेत्राच्या कॉलममध्ये देवनागरी आकडे असले तर बेरीज होत नाही आणि लहान-मोठं चुकतं, कारण सॉफ्टवेअर त्यांना मजकूर समजतं. काम सुरू करण्याआधी सगळं एकदा इंग्रजी आकड्यांत करून घ्या. फाइल जिओपॅकेज या प्रकारात ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात कॉलमच्या नावाला दहाच बाइटची जागा असते आणि एक देवनागरी अक्षर तीन बाइट खातं.

आता जागेचा प्रश्न. पुराच्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेलं असतं, म्हणून साधं उपग्रहचित्र कामाला येत नाही. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं आणि त्याची चित्रं मोफत मिळतात. त्यावरून काढलेला पाण्याचा लेयर प्लॉटवर ठेवायचा. चित्राचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दोन-तीन गुंठ्यांच्या फरकावर वाद घालायला हा नकाशा वापरू नका.

'सिलेक्ट बाय लोकेशन' उघडा. वरती प्लॉटचा लेयर, खाली पाण्याचा, मध्ये 'इंटरसेक्ट'ची खूण. सगळ्यात खालच्या रकान्यात 'सिलेक्टिंग विदिन करंट सिलेक्शन' निवडा, म्हणजे मघाशी निवडलेल्या आडसाली प्लॉटमधूनच निवड होईल. ते विसरलं की पहिली निवड पुसली जाते.

'इंटरसेक्ट' फार उदार आहे. बांधाचा एक कोपरा पाण्याला लागला तरी तो प्लॉट घेतो. उलट 'विदिन' निवडलं तर पूर्ण बुडालेलेच येतात आणि निम्मं रान गेलेला शेतकरी बाहेर राहतो. मला दोन्ही मान्य नाहीत. प्रोसेसिंगमधलं 'ओव्हरलॅप अ‍ॅनालिसिस' चालवा. निवडलेल्या प्लॉटपुरतंच चालवायची खूण तिथे आहे. प्रत्येक प्लॉटचं किती क्षेत्र आणि किती टक्के पाण्यात होतं, याचे दोन नवे कॉलम मिळतात. त्यावर पुन्हा साधी अट लावता येते. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा जास्त नुकसान लागतं. पण पाण्याखालचं क्षेत्र म्हणजे नुकसान नव्हे. ते गावचे महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी खात्याचे अधिकारी पंचनाम्यात ठरवतात. आपली यादी आधी कुठे जायचं एवढंच सांगते.

इथे उसाची एक खास अडचण आहे. शेंडे पाण्यावर राहिलेला उभा ऊस रडारला बऱ्याचदा कोरडाच दिसतो, कारण खालचं पाणी पानांआड जातं. म्हणून पाण्याच्या लेयरला ५० मीटरचा 'बफर' (भोवती वाढीव पट्टा) देऊन दुसरी यादी काढते. पहिलीत नसलेले आणि दुसरीत असलेले प्लॉट चिटबॉयने (कारखान्याच्या गावातल्या शेतकी कर्मचाऱ्याने) पायी जाऊन बघायचे. बफरआधी लेयर ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत घ्या, कोल्हापूर त्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं. जीपीएसवरून आलेला लेयर अंशांत असतो. तिथे ५० म्हणजे ५० अंश होतात आणि बफर अर्ध्या आशियावर पसरतो.

यादी आली की बाहेर कोण राहिलं ते विचारा. माझ्या मते खरी मेहनत इथे करायला हवी. लागणीचा रकाना रिकामा (नल) असलेला प्लॉट "लागण" = 'आडसाली' मध्ये येत नाही, आणि "लागण" <> 'खोडवा' (म्हणजे खोडवा नसलेले) मध्येही येत नाही. रिकाम्या नोंदीशी कुठलीही तुलना ना खरी ठरते ना खोटी. त्यांना वेगळं बोलवावं लागतं :

"गाव" इन ('चिखली', 'आंबेवाडी') अँड "लागण" इज नल

दुसरे राहतात ते नोंद झालेले पण नकाशावर न आखलेले प्लॉट. 'जॉइन अ‍ॅट्रिब्यूट्स बाय फील्ड व्हॅल्यू'मध्ये पहिल्या जागी नोंदीचा तक्ता आणि दुसऱ्या जागी प्लॉटचा लेयर ठेवा. प्लॉट नंबरवर जोडा आणि न जुळलेल्या नोंदींचं आउटपुट मागा. त्या यादीतल्या माणसाने वर्षभर खत-पाणी घातलेलं असतं, आणि त्याचं रान बुडालं की नाही हे नकाशा सांगू शकत नाही. ही नावं मुख्य यादीला जोडूनच पाठवा, वेगळ्या फाइलमध्ये पडू देऊ नका.

शेवटी अ‍ॅट्रिब्यूट टेबल उघडा (एफ६). वरच्या पट्टीवर एकूण किती आणि निवडलेले किती ते दिसतं. चार-पाच प्लॉटवर झूम करून डोळ्यांनी तपासा. एक्सपोर्टमध्ये 'सेव्ह सिलेक्टेड फीचर्स अ‍ॅज' घ्या, आणि फाइलच्या नावात पूर ज्या दिवशीच्या चित्रावरून काढला ती तारीख घाला. पाणी रोज सरकत असतं, आणि दोन दिवसांच्या दोन याद्या एकाच नावाने फिरल्या की गटात भांडणं होतात.