वर्षातले काही महिने परदेशात: निवृत्तीचा व्हिसा निवडण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या आणि त्यावर तुमचं खरं वर्ष मांडा. कोणते महिने तिकडे, कोणते इकडे, मधेच कुणाच्या आजारपणासाठी किंवा कार्यासाठी किती वेळा यावं लागेल, सगळं तारखांसह. देश, हवामान, घरभाडं यांचा विचार त्यानंतर. निवृत्तीच्या व्हिसाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक कायमचं बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. त्यांना एवढंच बघायचं असतं की तो देश किती दिवस राहू देईल. आलटूनपालटून दोन्हीकडे राहणाऱ्याला मात्र हेही बघावं लागतं की तिथला रहिवास परवाना हातात असताना तो देश किती दिवस बाहेर राहू देईल. माझं स्पष्ट मत आहे की अशा माणसाने व्हिसा याच दुसऱ्या प्रश्नावर निवडावा.

तुमचा मुक्काम एका वेळी तीन महिन्यांच्या आत बसत असेल, तर निवृत्तीच्या व्हिसाच्या वाटेला जाऊच नका. साध्या भेटीच्या व्हिसावर बहुधा काम भागतं, फक्त दिवसांचा हिशेब चोख हवा. युरोपातल्या शेंगेन देशांत नियम आहे कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात, आणि 29 देशांचा मिळून हिशेब एकच असतो. समजा 1 जानेवारीला पोहोचलात, तर लीप वर्ष नसेल तेव्हा 31 मार्चला तुमचे 90 दिवस भरतात. पुन्हा पाऊल ठेवता येतं ते 30 जूनला, कारण त्या दिवशी मागचे 180 दिवस मोजले की 1 जानेवारी त्यातून गळून पडतो. वर्षात दोन ऋतू तिथे काढायचे असतील तर ही मांडणी छान जमते. पण सलग चार महिने हवे असतील तर कितीही हिशेब केला तरी जमत नाही. आणि चार-दोन दिवस जास्त झाले तर कोण बघतंय, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद ठेवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे; जादा दिवस संगणकच दाखवतो.

चार-सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी मधला मार्ग शोधा. फ्रान्समध्ये तात्पुरत्या दीर्घ मुक्कामाचा व्हिसा मिळतो. त्यावर रहिवास परवाना काढावा लागत नाही आणि मुदत संपली की परत यायचं, एवढंच. पुढच्या वर्षी पुन्हा नवा अर्ज करावा लागतो, ही कटकट खरी. तरीही ज्यांना तिथलं नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास नकोच आहे, त्यांना मी आधी असा पर्याय धुंडाळायला सांगेन. कायम रहिवासाच्या दिशेने नेणाऱ्या परवान्यासोबत ज्या अटी येतात, त्या अर्धवेळ राहणाऱ्याच्या गळ्यात विनाकारण पडतात.

त्याचं उदाहरण पोर्तुगाल. पेन्शन, भाडं अशा उत्पन्नावर मिळणारा तिथला डी-7 व्हिसा निवृत्तांमध्ये फार लोकप्रिय आहे. त्यावर मिळणारा पहिला रहिवास परवाना दोन वर्षांचा असतो. त्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्याने एकूण आठ महिने यापेक्षा जास्त काळ सबळ कारणाशिवाय देशाबाहेर राहिलात, तर तो रद्द होऊ शकतो. म्हणजे चोवीसपैकी सोळा महिने तिथेच काढायचे. दरवर्षी सहा महिने इकडे आणि सहा तिकडे असा बेत असेल तर दोन वर्षांत बारा महिने बाहेर होतात, आणि गणित फसतं. याउलट फिलिपिन्सच्या निवृत्तांसाठीच्या विशेष व्हिसाला बँकेत ठेव ठेवावी लागते, पण वर्षात अमुक दिवस राहिलंच पाहिजे अशी अट नाही. पनामात पेन्शनरांना मिळणारा रहिवासही बाहेर राहण्याच्या बाबतीत बराच मोकळा आहे. म्हणून कुठल्याही देशाची माहिती काढताना किमान वास्तव्याची अट पहिल्यांदा शोधा. ती सापडेपर्यंत पुढचं पान उलटू नका.

त्याच्याच जोडीला परतीच्या प्रवेशाची अट बघा. ही अट कागदावर एका ओळीची असते आणि नुकसान वर्षभराचं करते. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर निवृत्त म्हणून मुक्कामाला एक वर्षाची मुदतवाढ मिळते. पण ती मिळालेला माणूस री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, न काढता देशाबाहेर पडला की मुदतवाढ तिथेच संपते. परतल्यावर सगळं पहिल्यापासून. एका फेरीचं परमिट 1,000 बाथला आणि अनेक फेऱ्यांचं 3,800 बाथला मिळतं. जे वर्षातून दोनदा-तीनदा ये-जा करणार, त्यांनी अनेक फेऱ्यांचंच घ्यावं. आई-वडिलांची तब्येत अचानक बिघडली आणि रात्रीच्या विमानाने निघावं लागलं, तर परमिटसाठी धावपळ करण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

आता करांचा भाग, आणि इथे घाई नको. व्हिसा एक सांगतो आणि कर खातं दुसरंच. पुष्कळ देशांत 183 दिवसांचा मुक्काम झाला की तुम्ही तिथले कर-रहिवासी, म्हणजे तिथल्या कराच्या कक्षेत येणारे, ठरू शकता, व्हिसा कुठलाही असो. थायलंडमध्ये ही मर्यादा कॅलेंडर वर्षात 180 दिवसांची आहे आणि 2024 पासून तिथल्या कर-रहिवाशाने देशात आणलेल्या परदेशी उत्पन्नाचे नियम कडक झाले आहेत. ‘सहा महिने’ असं मोघम बोलणं इथे धोक्याचं ठरतं. जानेवारी ते जून हे 181 दिवस होतात आणि जुलै ते डिसेंबर 184. आठवडाभर आधी निघालात तर प्रश्न मिटतो, पण ते तिकीट काढतानाच ठरलेलं हवं. दोन्ही देश तुम्हाला आपला कर-रहिवासी म्हणू लागले, तर त्यांच्यातला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार काढून बघा. अशा करारांत बहुधा आधी तुमचं कायमचं घर कुठे आहे ते पाहतात, मग कुटुंब आणि आर्थिक व्यवहार कुठे आहेत ते, मग नेहमीचा मुक्काम आणि शेवटी नागरिकत्व. पेन्शनवर कर कुणी घ्यायचा याचं कलम वेगळं असतं. सरकारी आणि खासगी पेन्शनला नियम निराळे असू शकतात. हे सल्लागाराला फी देऊन विचारण्यासारखं काम आहे. इतर ठिकाणी काटकसर करा, इथे नको. करसवलतीच्या जुन्या माहितीवर तर मुळीच विसंबू नका. पोर्तुगालची नव्याने राहायला येणाऱ्यांसाठीची गाजलेली एनएचआर करसवलत 2024 पासून नव्या लोकांसाठी बंद झाली, तरी तिचं गुणगान करणारे लेख अजून फिरत असतात.

उत्पन्नाचा पुरावा गोळा करताना रकमेइतकाच तिचा प्रकार महत्त्वाचा. कोस्टा रिकाच्या पेन्शनर रहिवासाला महिना 1,000 डॉलरचं आजीवन पेन्शन लागतं. तेवढीच रक्कम ठेवीच्या व्याजातून येत असेल तर ती त्या रकान्यात बसत नाही. थायलंडमध्ये 8,00,000 बाथ बँकेत दाखवून मुदतवाढ घेतली, तर त्यानंतर तीन महिने ती रक्कम जशीच्या तशी ठेवावी लागते आणि पुढेही शिल्लक 4,00,000 च्या खाली जाऊ द्यायची नसते. म्हणजे हा पैसा अडकलेलाच धरा. अडीअडचणीसाठी वेगळी तजवीज हवी. निवृत्त झाल्यावरही ऑनलाइन सल्ला, शिकवणी, लिखाण असं थोडंफार काम चालू ठेवणार असाल, तर तेही आधीच तपासा. स्पेनच्या काम न करण्याच्या अटीवर मिळणाऱ्या व्हिसात घरी बसून परदेशी ग्राहकाचं काम करणंही अडचणीचं ठरू शकतं.

आरोग्य विमा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. वय वाढतं तसा हप्ता वाढतो, काही कंपन्या ठराविक वयानंतर नवी पॉलिसीच देत नाहीत, आणि आधीचे आजार बहुतेक वेळा वगळलेले असतात. प्रवास विमा आणि तिथे राहणाऱ्याचा आरोग्य विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीर्घ मुक्कामाच्या अर्जाला बहुधा दुसराच लागतो. पॉलिसी हातात आली की वगळलेल्या आजारांचं पान आधी वाचा. रोजच्या गोळ्या त्या देशात चालतात का, किती महिन्यांच्या नेता येतात, हेही बघा. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या, कारण ब्रँडची नावं देशागणिक बदलतात.

कागदपत्रांत क्रम सांभाळा. जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र आधी काढा, त्यांवरची नावं पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून बघा, आणि दुरुस्ती करायची असेल तर आत्ताच करून घ्या. तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र मात्र उशिरा काढा, कारण ते काही महिन्यांतच शिळं होतं. 1961 च्या हेग करारातल्या देशांत अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, चालतं, बाकीच्यांसाठी वकिलातीचं साक्षांकन लागतं. भाषांतर सहसा त्यानंतर करायचं, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर होतं.

जोडीने जाणार असाल तर एक अवघड प्रश्न दोघांनी मिळून आधीच विचारायला हवा. मुख्य अर्जदार एक आणि दुसरा त्याच्यावर अवलंबून, अशीच बहुतेक व्हिसांची रचना असते. मुख्य अर्जदाराचं काही बरंवाईट झालं, तर मागे राहिलेल्याच्या परवान्याचं काय होतं? काही देशांत तो पुढे चालू राहतो, काही ठिकाणी स्वतःच्या उत्पन्नावर नवा अर्ज करावा लागतो. ज्याचं पेन्शन मोठं त्याच्या नावाने अर्ज, असं आपण सहज करून टाकतो. दोघांचंही उत्पन्न अटीत बसत असेल तर दोन स्वतंत्र अर्ज करावेत, खर्च थोडा वाढला तरी चालेल. तिथल्या बँक खात्यावर दोघांची नावं असावीत, आणि मृत्युपत्र दोन्ही देशांत चालेल असं आहे का हे वकिलाकडून बघून घ्यावं.

हे सगळं जमलं की पुन्हा त्या कॅलेंडरकडे या आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख त्यावर टाका. नूतनीकरणासाठी बऱ्याच ठिकाणी स्वतः हजर राहावं लागतं, ठसे द्यावे लागतात, आणि भेटीची वेळ आठवडे आधी घ्यावी लागते. ती तारीख तुम्ही इकडे असतानाच्या महिन्यात येत असेल, तर पहिला अर्जच दोन-तीन महिने मागेपुढे करा.