रात्रीच्या जेवणाला गरम भाकरी आणि शेंगा चटणी

सोलापुरात रात्रीच्या ताटात ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, दही आणि फोडलेला कांदा असला की भाजीवाचून अडत नाही. चटणी दुपारीच करून ठेवावी, भाकऱ्या मात्र पानं घेताना.

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर पंधरा मिनिटं भाजा. मोठ्या आचेवर सालं करपतात, आतून दाणे कच्चे राहतात आणि मग कितीही कुटलं तरी तेल सुटत नाही. सालं पाखडून, दाणे कोमट असतानाच कुटायला घ्या. उखळात आधी पंधरा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ. वरून थोडे थोडे दाणे. मुठीत दाबून गोळा झाला, तळव्याला तेल लागलं की झाली. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की लगदा होतो. आणि कोरडी भुकटीच राहिली, तर ते नुसतं दाण्याचं कूट. त्याला शेंगा चटणी म्हणू नये.

भाकरीचं सगळं पिठावर आहे. मालदांडी ज्वारी घ्या (मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) आणि आठवड्यापुरतीच दळून आणा. पीठ जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, थापताना कडा फाटतात. अशा पिठात उकळतं पाणी घाला, चिकटपणा येतो. दोन वाट्या पिठाला साधारण वाटीभर पाणी. चार भाकऱ्या होतात. सगळं पीठ एकदम न मळता एकेका भाकरीपुरतं घ्या आणि तळहाताच्या टाचेनं रगडून मळा.

परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापा. पिठाची बाजू वर ठेवून तापलेल्या तव्यावर टाका आणि लगेच पाण्याचा हात फिरवा. खरी मेख इथे आहे: पाणी जेमतेम ओलसर असतानाच उलटायचं. पूर्ण सुकलं तर तडे जातात, फार ओलं असलं तर तव्याला चिकटते. पाणी लावलेली बाजू तव्यावर नीट भाजली की वरची थेट विस्तवावर धरा, टम्म फुगेल. फुगली नाही, तर कुठेतरी चीर आहे, जाडी कमीजास्त झाली आहे किंवा तवा पुरेसा तापला नव्हता.

तवा चढवायचाच कंटाळा असेल, तर विकतची कडक भाकरी गरम आमटीत कुस्करा आणि पाच मिनिटं मुरू द्या.